वाऱ्याने बंद झालेली लिफ्ट: ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरातले हिमस्खलनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

फिनिक्स शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटरवर आहे. फेब्रुवारीतही तिथे अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरता येते. तिथून महामार्ग क्रमांक १७ धरून उत्तरेला साधारण २३० किलोमीटर गेले की सग्वारो निवडुंग मागे पडतात, पाँडेरोसा पाइनचे जंगल सुरू होते आणि २,१०० मीटरवरचे फ्लॅगस्टाफ लागते. गावाच्या उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स हा जुना ज्वालामुखी उभा आहे. त्याचे हम्फ्रीज शिखर ३,८५१ मीटर उंच, अख्ख्या ॲरिझोनात सर्वांत उंच. पश्चिम उतारावर १९३८पासून ॲरिझोना स्नोबोल हे स्की रिसॉर्ट आहे. शिखरांच्या धारेपलीकडे, ईशान्येकडे उघडणारा ‘इनर बेसिन’ नावाचा मोठा खोलगट भाग आहे. बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या बर्फात, जाणाऱ्यांचे डोळे तिकडेच लागलेले असतात.

हा डोंगर फक्त खेळणाऱ्यांचा नाही. नवाहो लोकांच्या चार पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा तो हाच. होपी आणि इतर अनेक आदिवासी राष्ट्रांचीही त्यावर श्रद्धा आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून इथे कृत्रिम बर्फ करायला त्यांनी न्यायालयात विरोध केला. २००८मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला, २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि २०१२च्या हिवाळ्यापासून तसा बर्फ पडू लागला. त्या वादात इथे शिरत नाही. पण त्या पाण्याची गरज का पडली हे लक्षात ठेवावे: या डोंगरावर नैसर्गिक बर्फाचा भरवसा नाही. एखाद्या वर्षी तो छातीएवढा साचतो, एखाद्या वर्षी जानेवारीतही दगड उघडे असतात. वादळे येतात ती जोरात येतात आणि मध्ये कित्येक आठवडे आकाश निरभ्र राहते.

प्रकरणातली माणसे चार. ओळख पटू नये म्हणून वर्ष दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. दादा चाळिशीतला, फिनिक्सजवळच्या चॅण्डलरमध्ये चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मूळचा पुण्याकडचा. कॉलेजात असताना सह्याद्री पालथा घातलेला, आणि रिसॉर्टवर बरीच वर्षे स्की करणारा. वहिनी त्याची बायको. तिचे स्कीइंग बेताचे, पण आदल्या हिवाळ्यात तिने हिमस्खलनाचा तीन दिवसांचा प्राथमिक कोर्स केला होता. चौघांत तो कोर्स केलेली ती एकटीच. धाकटा दादाचा चुलतभाऊ, फ्लॅगस्टाफमध्ये शिकणारा. दोन तुकडे करून चढता येणारा स्नोबोर्ड त्याच्याकडे होता आणि पायांत दमही. चौथा त्याचा स्थानिक मित्र, याच डोंगरावर अनेक हिवाळे फिरलेला. म्होरक्या कोण, हे कुणी ठरवले नव्हते.

हिमथराची स्थिती

जानेवारीच्या सुरुवातीला पडलेला बर्फ उथळ होता. नंतर तीन आठवड्यांहून जास्त काळ काहीच पडले नाही. कोरड्या हवेत, ढग नसलेल्या रात्री बर्फाचा पृष्ठभाग झपाट्याने गार होतो. त्याच वेळी जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपासच असतो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून ठेवणे सोडतात. काही दिवसांत तळाशी सुट्या, टोकेरी दाण्यांचा थर तयार होतो. मुठीत घेतला तर कोरड्या साबुदाण्यासारखा बोटांतून गळतो. थर जितका उथळ तितका हा फरक तीव्र. म्हणून भरपूर बर्फाच्या किनारी डोंगरांपेक्षा वाळवंटी डोंगरांत हा तळाचा रोग जास्त आढळतो आणि जास्त दिवस टिकतो.

राष्ट्राध्यक्ष दिनाच्या जोडसुट्टीआधी, फेब्रुवारीच्या मध्याला, दोन दिवसांचे वादळ आले. वर अर्धा मीटरहून जास्त नवा बर्फ पडला आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटला. दुबळ्या तळावर वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची जड लादी बसली.

आता रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीच्या आतला आणि बाहेरचा फरक. रिसॉर्टच्या उतारांवर मोसमाच्या सुरुवातीपासून यंत्रे फिरतात, शेकडो माणसे तळाचा थर तुडवतात, कृत्रिम बर्फ त्याला घट्ट करतो, आणि वरच्या चढाच्या जागी गस्तीपथक स्फोटके लावून धोका आधीच खाली पाडते. हद्दीच्या दोरीपलीकडे यांपैकी काहीही झालेले नसते. दोन्हीकडचा बर्फ दिसायला एकच, वय एकच, उंची एकच. दादाचा सगळा अनुभव आतला होता.

अडचण

शनिवारी चौघे रिसॉर्टवर पोहोचले. स्नोबोल रोडवर गाड्यांची रांग, खालच्या लिफ्टांना (स्की करणाऱ्यांना तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांना) गर्दी, आणि ३,५०० मीटरपर्यंत नेणारी वरची लिफ्ट वाऱ्यामुळे बंद. दिवसभर ती सुरू झाली नाही. खालच्या सपाट धावपट्ट्यांवर पोरासोरांमधून वाट काढत चौघांनी दिवस घालवला. रविवारी सकाळी आकाश स्वच्छ झाले. वर धारेवरून बर्फाची धूळ पूर्वेकडे उडताना पार्किंगमधूनही दिसत होती. वरची लिफ्ट बंदच.

माझ्या मते या प्रकरणाचे मूळ इथे आहे, पुढच्या कुठल्याही क्षणात नाही. लिफ्ट बंद ठेवण्याचे कारण वारा होते. हाच वारा धारेच्या या बाजूचा बर्फ खरवडून आडोशाच्या बाजूला आणि नाळांच्या, म्हणजे उतारावरच्या खोलगट घळींच्या, कडांना साठवत होता. म्हणजे रिसॉर्ट त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची माहिती फुकट देत होते, तीही पाटीवर लिहून. चौघांनी ती पाटी अडथळा म्हणून वाचली. लिफ्ट नाही तर पायांनी जाऊ.

“एवढ्या लांब आलोय, भाड्याचे सामान घेतलंय, परवाना काढलाय,” दादा म्हणाला. कचीना पीक्स वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे या डोंगरावरच्या राखीव रानात, हिवाळ्यात जायला कोकोनिनो राष्ट्रीय वनाचा मोफत परवाना लागतो आणि तो त्यांनी काढला होता. पण परवाना डोंगराची हमी देत नाही.

एक स्थानिक गोष्टही आड आली. अमेरिकेतल्या बऱ्याच डोंगरी भागांत हिमस्खलन केंद्रे रोज सकाळी धोक्याची पातळी जाहीर करतात. इथले केंद्र लहान आहे आणि देणग्यांवर चालते. ते ठराविक काळाने हिमथराचा गोषवारा देते, रोजचा आकडा देत नाही. शुक्रवारच्या गोषवाऱ्यात तळच्या दुबळ्या थराचा उल्लेख होता. वहिनीने तो वाचून सगळ्यांना पाठवलाही होता. पण एक ते पाचमधला आकडा नसल्यामुळे बाकी तिघांनी तो सर्वसाधारण सूचना समजून सोडून दिला.

समोरचे पर्याय

पार्किंगमध्ये चर्चा झाली. चार वाटा होत्या.

पहिली, खालच्या लिफ्टांवरच दिवस काढायचा. कुणालाच नको होते.

दुसरी, स्कीखाली स्किन (चढताना घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून जंगलातल्या मंद उतारांवर फिरायचे, तीस अंशांच्या आत राहायचे. लादीचे बहुतेक हिमस्खलन तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होते, त्याखाली धोका बराच कमी असतो. मात्र वरून उतरणाऱ्या तीव्र पट्टीच्या तोंडाशी थांबायचे नाही. ही सूचना वहिनीची.

तिसरी, हम्फ्रीज ट्रेलच्या वाटेने खिंडीपर्यंत, म्हणजे ३,६०० मीटरच्या आसपास चढायचे आणि पलीकडे इनर बेसिनमध्ये उतरायचे. धाकट्याचे मन यात होते.

चौथी, सोमवारपर्यंत थांबायचे. वारा पडला तर गस्तीपथक वरचा भाग सुरक्षित करून लिफ्ट सुरू करेल. सुट्टी होतीच. पण ही वाट फक्त मित्राने, तीही चालता चालता, सुचवली.

ठरले काय, तर “खिंडीपर्यंत जाऊन बघू.” या वाक्यात कुठे थांबायचे हे नव्हते, किती वाजता फिरायचे हे नव्हते, काय दिसले तर परतायचे हेही नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या मधला हा समेट होता आणि दोन्ही बाजूंनी त्यात आपल्याला हवे ते ऐकले. वहिनीला वाटले आपण बघून परत येणार. धाकट्याला वाटले आपण उतरणार.

काय केले

निघण्यापूर्वी चौघांचे बीकन, म्हणजे गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारी संदेशयंत्रे, तपासले. प्रत्येकाकडे प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे होते. हे नीट झाले, आणि त्याची नोंद घ्यायला हवी, कारण भाड्याच्या एका बीकनची बॅटरी उतरलेली निघाली आणि ती पार्किंगमध्येच बदलता आली.

जंगलात चढ सोपा होता. पहिला निर्णायक क्षण साधारण ३,३०० मीटरवर आला. मित्र पुढे होता. त्याच्या पायाखालून एक जड, दबका आवाज झाला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसल्याचे चौघांनाही जाणवले. उतार वीस-बावीस अंशांचा होता म्हणून काही सुटले नाही. तळाचा थर कोसळल्याचा हा आवाज. यापेक्षा स्पष्ट इशारा डोंगर देत नाही.

वहिनीने सगळ्यांना थांबवले आणि खड्डा खणला. एकूण बर्फ ११० सेंटिमीटर, त्यात तळाचे पंचवीस सुट्या दाण्यांचे. तिने नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा खांब कापला, एका टोकाला फावडे ठेवले आणि कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे थापा मारायला सुरुवात केली: दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून. तेराव्या थापेला भेग पडली आणि खांबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम धावली. थापांच्या आकड्यापेक्षा ते धावणे महत्त्वाचे. एका जागी पडलेली भेग दूरवर पसरू शकते, असा त्याचा अर्थ.

इथे परतायला हवे होते. चौघे आज तसेच म्हणतात. त्या वेळी मात्र प्रत्येकाने चाचणीला स्वतःचा अर्थ लावला. दादा म्हणाला, “ही एका जागची गोष्ट झाली, वर वाऱ्याने बर्फ घट्ट झाला असेल.” इंजिनिअरची ही सवय: एका नमुन्यावरून सगळा साठा नाकारायचा नाही. कारखान्यात ते बरोबर असेल. पण तिथे चुकीच्या अंदाजाची किंमत चिपच्या एका चकतीएवढी असते. सह्याद्रीतला अनुभवही इथे उलट गेला. तिकडे काल ज्या कड्यावरून गेलो तो कडा आज तोच असतो. वर पोहोचणे हीच परीक्षा, आणि वर पोहोचलेला माणूस वाट जाणणारा ठरतो. बर्फाचा डोंगर एका रात्रीत बदलतो.

मित्र गप्प राहिला. चौघांत या डोंगराची सर्वांत जास्त माहिती त्याला होती आणि बाकी तिघे त्याच्या गप्प राहण्याला होकार समजले. त्याने नंतर सांगितले की नवरा-बायकोच्या बोलण्यात पडावेसे वाटले नाही.

तेवढ्यात वर एक जोडी चढून गेल्याच्या ताज्या खुणा दिसल्या. चौघे पुढे निघाले.

दुपारी सव्वाच्या सुमारास खिंड आली. वारा उभे राहू देत नव्हता. पलीकडे इनर बेसिनच्या उतारावर दोन रेषा सरळ खाली गेलेल्या दिसत होत्या. ज्यांच्या खुणांवर विसंबून वर आलो, ते सुखरूप उतरले होते. धाकटा बोर्ड जोडायला लागला. हा दुसरा निर्णायक क्षण, आणि तो नीट हाताळला गेला. वहिनी म्हणाली, “मी इथून खाली येणार नाही. तुम्ही गेलात तर मी एकटी मागे फिरेन.” वाद झाला नाही. तिला एकटीने परत जाऊ द्यायचे नाही, एवढ्या एका मुद्द्यावर दादा थांबला आणि धाकट्यालाही थांबावे लागले. तिचे म्हणणे पटले म्हणून नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे, कारण पुढचा प्रसंग त्यातूनच आला.

परतताना आल्या वाटेनेच उतरायचे ठरले. इनर बेसिन टळले म्हणून चौघेही सैल झाले. एकेकाने उतरणे, दिसेल अशा ठिकाणी थांबणे, हे सगळे मागे पडले. झाडीची रेषा सुरू होते तिथे वाटेच्या उजव्या हाताला एक मोकळी नाळ उतरते. दोन्ही बाजूंना फर आणि स्प्रूसची दाट झाडी आणि मध्ये एकही झाड नाही. झाडे तिथे का वाढली नाहीत, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. नाळ पश्चिमेकडे तोंड करून होती, पण आडव्या वाऱ्याने तिच्या एका कडेला बर्फ साठवला होता. उतार पस्तीस अंशांच्या आसपास. धाकटा काही न बोलता तिच्यात वळला.

तिसऱ्या वळणाला लादी सुटली. जाडी सुमारे चाळीस सेंटिमीटर, रुंदी पंचवीसेक मीटर. धाकटा ऐंशीएक मीटर खाली वाहत गेला आणि एका झाडाला घासून कमरेपर्यंत गाडला जाऊन थांबला. डोके बाहेर होते. पूर्ण गाडला गेला असता तर हिशेब वेगळा होता: पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या माणसांपैकी बहुतेक वाचतात, अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण कोसळते. म्हणूनच सोबत्यांखेरीज वाचवणारे कुणी नसते, बचाव पथक कितीही चांगले असले तरी.

मित्राने इथे सूत्रे हाती घेतली. वर सुटायच्या बेतातला बर्फ लटकलेला आहे का ते पाहिले, दादाला कडेला उभे करून नजर ठेवायला सांगितले आणि वहिनीसह खाली गेला. खणून काढायला दहा मिनिटे लागली. डावा गुडघा पिरगळला होता, पायावर भार देता येत नव्हता. दादाने ९११ हा आपत्कालीन क्रमांक लावला. फोन लागला, तो शेरीफच्या शोध-बचाव विभागाकडे जोडला गेला. हेलिकॉप्टरला वाऱ्यामुळे येता येणार नव्हते. पथक खालून निघाले. थंडीत बसून राहण्यापेक्षा तिघांनी बोर्डचे दोन तुकडे, स्कीच्या काठ्या आणि पट्टे यांची ओढगाडी बांधली आणि मंद उताराच्या जंगलातून धाकट्याला खाली आणायला सुरुवात केली. अंधार पडल्यावर पथकाची गाठ पडली. आठच्या आधी सगळे पार्किंगमध्ये होते.

निष्पत्ती

गुडघ्याचे अस्थिबंध तुटले होते, पुढे शस्त्रक्रिया झाली. धाकट्याचे ते सत्र अर्धे वाया गेले. बचाव पथकाने पैसे घेतले नाहीत. रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्या बिलांवरून विमा कंपनीशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार झाला. विद्यार्थ्यांच्या विम्यात असे खेळ कितपत धरले आहेत, हे आधी वाचून ठेवावे.

वहिनीने त्याच रात्री खड्ड्यातली निरीक्षणे, आवाजाची जागा आणि नाळेचा फोटो स्थानिक हिमस्खलन केंद्राला पाठवला. रोजचा अंदाज नसलेल्या डोंगरावर अशा नोंदी हीच सगळ्यांची शिदोरी असते.

सोमवारी वारा पडला. गस्तीपथकाने सकाळी वरचा भाग स्फोटकांनी मोकळा केला आणि दुपारी लिफ्ट सुरू झाली.

वेगळे काय करता आले असते

खिंडीतल्या नकारावर सगळे वहिनीचे कौतुक करतात. ते रास्त आहे, पण माझे लक्ष खड्ड्यापाशी अडते. तिथे माहिती पूर्ण होती: आवाज झाला, चाचणीत भेग धावली, शुक्रवारच्या गोषवाऱ्यात तेच लिहिले होते. कमी होता तो फक्त आधी ठरवलेला नियम. “तळ कोसळल्याचा आवाज आला तर तीस अंशांच्या वरच्या उतारावर आज जायचे नाही” हे वाक्य पार्किंगमध्ये बोलले गेले असते, तर खड्ड्यापाशी वाद घालायला काही उरले नसते. दमलेल्या, अर्ध्या वाटेवर पोहोचलेल्या माणसांनी नियम बनवू नयेत, बनवलेला पाळावा.

दुसरे, नकार मान्य होणे आणि नकाराचे कारण पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिंडीत कुणी “का?” असे विचारलेच नाही. विचारले असते तर ‘तळ दुबळा आहे आणि वाऱ्याने वर लादी साठवली आहे’ हे उत्तर मिळाले असते, आणि ते उत्तर त्या नाळेलाही तसेच्या तसे लागू होते. धाकट्याने मात्र एवढेच ऐकले, की वहिनीला इनर बेसिनची भीती वाटते.

इतरांच्या खुणांविषयी दादाचे मत अजून थोडे वेगळे आहे. “ते दोघे तर उतरले ना,” तो म्हणतो. उतरले. दुबळ्या तळावर लादी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. पहिले दोघे जाड भागावरून जातात आणि तिसऱ्याचा पाय पातळ जागी पडतो. अमेरिकेतल्या सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासून इयन मॅक्कॅमन यांनी दाखवले, की प्रशिक्षण घेतलेली माणसेही ओळखीची जागा, जाणता सोबती, आधी ठरलेला बेत यांसारख्या गोष्टींवर विसंबून धोक्याच्या खुणा बाजूला सारतात. या चौघांच्या दिवसात यांतले बहुतेक सगळे सापडते. नाळेत वळताना तर कुणी विचारच केला नव्हता, त्यामुळे तिला निर्णय म्हणणेही अवघड आहे.

मित्राच्या गप्प राहण्यावर चौघांचे अजून एकमत नाही. धाकटा म्हणतो, तो पाहुणा नव्हता, त्याने बोलायला हवे होते. वहिनी म्हणते, आपण त्याला विचारलेच नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी निघण्यापूर्वी एक पद्धत सुरू केली: सर्वांत कमी अनुभवी माणसाने आधी बोलायचे, सर्वांत जाणत्याने शेवटी, आणि एकाने जरी नको म्हटले तरी कारण विचारून तिथूनच मागे फिरायचे. पहिल्याच फेरीत नको म्हणणारा दादा होता. कारण विचारल्यावर तो म्हणाला, वरची लिफ्ट आजही बंद आहे.